तीर्थ कुंडात की प्रवाहात?

सिंहस्थाच्या पर्वणीला नाशिकमध्ये चौकाचौकांत लागणारे तात्पुरते दिशाफलक ही वरकरणी वाहतुकीची बाब आहे. मात्र हे फलक भाविकाला ज्या घाटाकडे वळवतात, तो बहुधा त्याने मनात धरलेला घाट नसतो. त्याला रामकुंडात बुडी मारायची असते आणि बाण दाखवतो गोदावरीच्या काठावरचा दुसराच घाट. तिथल्या स्नानाने यात्रा पुरी झाली असे मानावे का, हा प्रश्न बंदोबस्ताच्या नकाशाने सुटत नाही.

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर बाण चुकत नाही. गुरू सिंह राशीत असताना सगळी तीर्थे गोदावरीत वास करतात, अशी श्रद्धा आहे. हा महिमा नदीचा आहे, एका कुंडापुरता नाही. नाशिककर तर नदीलाच गंगा म्हणतात आणि तिच्या कोणत्याही काठावर जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’. शिवाय परंपरेने स्वतःच स्नानाची जागा विभागून घेतली आहे. अठराव्या शतकातील रक्तरंजित संघर्षानंतर शैव आखाडे सुमारे तीस किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करू लागले आणि निर्वाणी, निर्मोही व दिगंबर हे वैष्णव आखाडे रामकुंडावर राहिले. एवढ्या अंतराने कोणाचे सिंहस्थ उणे पडले नाही. मग त्याच प्रवाहावरच्या पुढच्या घाटाने का पडावे?

तरीही रामकुंडाची ओढ निव्वळ अडाणी हट्ट ठरत नाही. रामाने दशरथाचे श्राद्ध इथे केले असे मानतात. पूर्वेकडे वाहणारी नदी इथे दक्षिणेला वळते आणि अस्थिविसर्जनासाठी लोक इथेच येतात. आईवडिलांच्या अस्थी जिथे सोडल्या, त्या पाण्याला पर्वकाळी अंग लावण्याची इच्छा प्रवाहाच्या तत्त्वाने भागत नाही. पंढरपुरात रांग आवाक्याबाहेरची दिसली की वारकरी कळसाला हात जोडून समाधानाने माघारी फिरतो. त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. पण ते कळसदर्शन तो स्वतः पत्करतो. इथे निवड फलकाने आधीच केलेली असते.

निवड कोणासाठी केली जाते, हे त्याहून अवघड. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे श्रेष्ठत्व सांगताना कारण दिले आहे ते असे की यज्ञाला लागणारी सामग्री गरिबाजवळ नसते, तीर्थाला मात्र तो जाऊ शकतो. पर्वणीच्या सकाळी तपोवनातून निघालेले आखाडे ठरलेल्या शाहीमार्गाने कुंडावर पोचतात. त्यांना फलक लागत नाही. तो लागतो शहराबाहेरच्या वाहनतळावर उतरून, डोक्यावर बोचके घेऊन चालणाऱ्याला. वळसा त्याच्याच वाट्याला येतो.

वळसा निष्कारण नसतो, हेही खरे. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. २०१५ मध्ये आणखी घाट बांधून गर्दी विखुरण्यात आली. पण २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका ताठर ठेवला की लोकांची फार पायपीट झाली आणि टीकेनंतर १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीसाठी तो सैल करावा लागला. जीव वाचवण्यासाठी भाविकाला दुसरीकडे नेणे धर्माविरुद्ध म्हणता येणार नाही. मृत्यूने कोणाची यात्रा सफळ होत नाही.

मात्र नेणे आणि फसवणे यांत फरक आहे. नुसते ‘स्नानाकडे’ लिहून बाण काढला, तर परगावचा माणूस तो रामकुंडाचाच समजून चालतो. गर्दी अशाने सुरळीत सरकेल, पण त्याच्या संकल्पाला त्याची संमती उरत नाही. घाटाचे नाव आणि तिथून रामकुंड किती दूर, हे दोन्ही लिहिले तर प्रवाहात समाधान मानायचे की कुंडासाठी थांबायचे, हे तो ठरवू शकतो. थांबण्याला अर्थही आहे: आखाड्यांची स्नाने आटोपली की रामकुंड सर्वांना खुले होते. तेव्हा सकाळी खरा असलेला बाण दुपारी खोटा ठरतो आणि फलक बदलण्याचे काम असणाऱ्यांवर यात्रेची एक जबाबदारी येऊन पडते.