दुष्टपणाची सबब

आधुनिक साहित्यातील नैतिक अधःपतनाविषयी बोलताना दोन गोष्टींची गल्लत हटकून होते : साहित्यात दिसणारे माणसाचे अधःपतन ही एक आणि खुद्द साहित्याचे अधःपतन ही दुसरी. मराठीत या गल्लतीचा सर्वाधिक त्रास विजय तेंडुलकरांच्या नाटकांना सोसावा लागला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये, ‘गिधाडे’ १९७० मध्ये आणि ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये रंगभूमीवर आले, आणि पुढची दोन नाटके येताच मराठी रंगभूमी बुडाली, संस्कृती विटाळली, असा आक्रोश सुरू झाला. त्या आक्रोशात प्रेक्षक नेमका कशाने दुखावला हा प्रश्न मागे पडला. रंगमंचावरच्या शिव्या आणि उघडा कामव्यवहार ही त्याची वरवरची कारणे होती; खोलवरचे कारण असे की या नाटकांनी दुष्टपणाला लागणारी सबब काढून घेतली. सबब म्हणजे येथे कृत्य आणि ते करणारा माणूस यांच्यामध्ये उभे केलेले असे कारण, ज्याच्या खांद्यावर दोष टाकून माणूस स्वतः मोकळा होऊ शकतो.

आधीच्या नाटकांत अशी सबब असे. गडकऱ्यांच्या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकराच्या हातून पोटच्या पोराचा जीव जातो, याहून भीषण कृत्य मराठी नाटकात क्वचितच दाखवले गेले असेल, तरीही प्रेक्षक सुधाकराचा तिरस्कार करीत घरी जात नाही, कारण नाटकाच्या नावापासूनच गुन्हेगार कोण हे सांगून ठेवलेले असते. दोष प्याल्याचा, आणि प्याला पुढे करणाऱ्या तळीरामाचा. सुधाकर मुळात बुद्धिमान, मानी, प्रेमळ. दारूने त्याची माती केली. या मांडणीत करुणेला मोठी जागा आहे आणि गडकऱ्यांचे सामर्थ्यही तिच्यातच आहे, पण तिच्यामुळे दुष्टपणा माणसाबाहेर राहतो, बाटलीत भरून बाजूला ठेवता येतो. सखाराम बाइंडरही दारू पितो, गांजा ओढतो. मात्र त्याच्या हातून होणाऱ्या खुनाचा उलगडा दारूने होत नाही, आणि खरे तर सखारामाच्या स्वभावानेही पुरता होत नाही.

त्यासाठी लक्ष्मीकडे पाहावे लागते. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून ठेवणारा सखाराम तोंडाने शिवराळ आणि वागण्याने क्रूर आहे, पण तो जे करतो ते उघड करतो आणि त्याला धर्माचे नाव देत नाही. लक्ष्मी देवभोळी आहे. देवाच्या तसबिरींपुढे ती हात जोडते, मुंगळ्याशी लेकराशी बोलावे तसे बोलते, मनोमन सखारामाला नवरा मानते. प्रेक्षकाची सगळी माया तिच्याकडे वळते आणि नाटककार ती वळू देतो. मग हीच लक्ष्मी घरातल्याच दुसऱ्या बाईची, चंपाची, चहाडी सखारामाच्या कानावर घालते, त्याच्या हातून चंपाचा गळा आवळला जातो, आणि सखाराम सुन्न होऊन उभा असताना प्रेत पुरण्याची गोष्ट तीच काढते, खड्डा खणायलाही तीच पुढे होते. आपण पुण्यवान, देव आपल्या बाजूला, याची तिला खात्री आहे. मुंगळ्याला जपणारे आणि खड्डा खणणारे हात एकच असावेत, आणि दोन्ही वेळा मनोभाव एकच असावा, ही या नाटकातील सर्वांत भयंकर गोष्ट होय. नाट्यप्रयोगांच्या परिनिरीक्षण मंडळाने संवादांतील शब्द गाळायला सांगितले, बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नाटक सुटले. त्या सगळ्या वादात सखारामाच्या तोंडाविषयी पुष्कळ बोलले गेले, लक्ष्मीच्या हातांविषयी फारच थोडे.

‘गिधाडे’ची गोष्ट थोडी वेगळी. पितळे कुटुंबातले भाऊ बापाला पैशासाठी मारहाण करतात, बहिणीच्या पोटावर लाथ मारून तिचा गर्भ पाडतात, आणि हे सारे दिवाणखान्यातल्या रोजच्या बोलण्यात मिसळून जाते. हे नाटक ‘सखाराम’इतके पक्के नाही. अत्याचारांची एकावर एक रास घालताना त्यांचे वजन कमी होते, आणि रजनीनाथ या पात्राच्या काव्यमय भाष्यामुळे प्रेक्षकाला उभे राहायला एक सुरक्षित ओसरी मिळते, म्हणजे दारातून गेलेली सबब खिडकीतून परत येते. परंतु याच नाटकाच्या प्रयोगाशी निगडित एक घटना कोणत्याही समीक्षेपेक्षा बोलकी आहे. त्या बहिणीच्या, माणिकच्या, साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू यांनी तो डाग निळा केला आणि तो लाल समजावा अशी सूचना प्रयोगाआधी प्रेक्षकांना दिली जाऊ लागली. घडलेले मान्य, पण त्याचा रंग नको, अशी ही मागणी होती.

दुष्टपणाचे घरगुतीपण ओळखणारे तेंडुलकर एकटे नव्हते. विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ मधील ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत बेटावर अडकलेली शाळकरी मुले शिकारीचा खेळ खेळता खेळता, नाचाच्या भरात, आपल्यातल्याच सायमनचा जीव घेतात. १९६१ मध्ये जेरुसलेम येथे आइकमन या नाझी अधिकाऱ्यावर चाललेल्या खटल्याविषयी लिहिताना हॅना आरेन्ट यांनी ‘दुष्टतेची सामान्यता’ ही कल्पना मांडली. विचार करणे थांबवलेला साधा माणूस राक्षसाइतकाच विनाश करू शकतो, असा तिचा आशय. आइकमन खरोखर तसा होता का यावर पुढे बराच वाद झाला आणि तो रास्तही आहे, पण त्यामुळे कल्पनेचे मोल उणावत नाही.

येथे एका आक्षेपाची दखल घ्यायला हवी, कारण तो मराठीतूनच आलेला आहे. अधःपतन म्हणायचे तर आधी काही उंची असावी लागते. ती उंची कोणाची होती? बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेल्या तरुणाला, त्याची जात ठाऊक नसताना, सहकारी मान देतात, घरी नेतात, डोक्यावर घेतात. जात कळताच तीच माणसे त्याला बेदम मारतात. मधल्या काळात त्यांच्यापैकी कोणाचेही अधःपतन झालेले नाही. आदर आणि मार ही दोन्ही त्यांच्या नीतीचीच फळे आहेत. मध्यमवर्गीय वाचकाला जे नव्याने कोसळल्यासारखे भासले ते गावकुसाबाहेरच्या माणसाने पिढ्यान्पिढ्या सोसलेले होते, आणि म्हणून बागुलांच्या लेखनात धक्का बसल्याचा सूर नाही, हिशेब मांडल्याचा आहे. नैतिक ऱ्हासाची कोणतीही चर्चा या कथेला वळसा घालून पुढे गेली तर ती अपुरी राहील.

‘शांतता!’ हे तेंडुलकरांच्या या तीन नाटकांतले अधिक संयत नाटक, आणि अधिक टिकणारेही. प्रयोगाआधी वेळ जावा म्हणून हौशी नटमंडळी अभिरूप न्यायालय, म्हणजे लुटुपुटीचा खटला, भरवतात. आरोपी बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. कानकोरण्याने कान कोरत काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात. खेळ हळूहळू खरा होत जातो, बाईंचे खाजगी आयुष्य एकेका साक्षीने उसवले जाते, आणि शेवटी शिक्षा ठोठावली जाते ती त्यांच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची : आरोप ज्या कृत्याचा, शिक्षाही त्याच कृत्याची. या विसंगतीकडे मंचावरील एकाचेही लक्ष जात नाही, कारण प्रत्येक जण आपापले कर्तव्य बजावत असतो.

त्या मंडळींत सामंत तेवढा वेगळा. तो गावातला साधाभोळा माणूस, मंडळात नवखा, कोणाचे वाईट चिंतणे त्याच्या स्वभावात नाही. साक्ष द्यायची म्हटल्यावर काय सांगावे हे त्याला सुचत नाही, तेव्हा तो हातातल्या भडक कादंबरीचा आधार घेतो आणि तिच्यातलाच प्रसंग पाहिला म्हणून सांगून टाकतो. खेळाला खरी धार चढते ती त्या रचलेल्या साक्षीनंतर. सगळे पांगल्यावर बेणारेबाई निपचित पडलेल्या असतात. सामंत दबक्या पावलांनी आत येतो, पुतण्यासाठी आणलेला कापडी हिरवा पोपट त्यांच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. त्या साक्षीचे त्याला काही वाटते की नाही, हे नाटक सांगत नाही.