रिकामं पाकीट कुणाचं?

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण चिप्सच्या पाकिटांवर झालंय. खरोखर. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात आमचं गाव, आणि गावात शाळेसमोर आमचं किराणा दुकान. साखर-तेलावर सुटतं ते एवढंसं; दुकान तारून नेतात त्या दारात टांगलेल्या पाच-पाच रुपयांच्या लडी. मधली सुट्टी झाली की लडी आखूड व्हायच्या आणि गल्ला भरायचा. त्यामुळे पॅकबंद खाण्यावर मी तावातावाने बोलायला लागलो की बाबा वाद घालत नाहीत, नुसते माझ्या अंगातल्या शर्टाकडे बघतात.

तावातावाचं कारण गावचा तलाव. धानाला पाणी मिळावं म्हणून जुन्या काळी बांधलेले हे मालगुजारी तलाव पूर्व विदर्भात गावोगावी आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यात शिंगाडा निघतो. ढीवर मंडळी पाण्यात उतरून वेल उलटतात आणि एकेक शिंगाडा तोडतात. गेल्या दिवाळीत गावी होतो, तेव्हा ओळखीच्या एका काकूंच्या टोपलीत शिंगाड्यांबरोबर एक पाकीट आलं. धुऊन पाहिलं. रंग उडालेला, पण तारीख शाबूत: २०१६. खाली लिहिलेलं, चार महिन्यांच्या आत खावे. ज्या पोराने ते खाल्लं, तो आता कॉलेजात असेल. पाकिटाला काहीही झालेलं नव्हतं. बहुतेक आमच्याच दुकानातलं.

बाबांना नेऊन दाखवलं. “मंग?” ते म्हणाले, “मी का पोट्ट्याइच्या हातात जबरदस्तीनं देतो का?”

ही ढाल सगळ्यांकडे आहे. कंपनी म्हणते, लोकांना हवंय. दुकानदार म्हणतो, पोरं मागतात. पोरं मागतात कारण टीव्हीवरचा क्रिकेटपटू तेच खातो, कारण भाव कायम पाचच रुपये असतो (महागाई वाढली की आतले ग्रॅम कमी होतात, पाकीट मात्र तेवढंच फुगलेलं). आणि पाकीट उलटं केलंत तर कोपऱ्यात एक चिमुकला माणूस दिसेल, डब्यात कचरा टाकणारा. मी शाळेत असताना आमच्या अख्ख्या गावात तसा डबा नव्हता. घंटागाडी तर शहरात गेल्यावर पाहिली. तरी तो माणूस प्रत्येक पाकिटावरून आम्हालाच शिस्त शिकवत होता.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९५३ साली, एकदा वापरून फेकायच्या बाटल्यांतून बिअर विकायला बंदी घातली. त्याच वर्षी डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था उभी राहिली. १९७१ मध्ये तिची एक जाहिरात फार गाजली: रस्त्याकडेचा कचरा बघून एका मूलनिवासी माणसाच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. (तो नट मुळात इटालियन वंशाचा होता, पण ते असो.) बाटली बनवली कुणी, हा प्रश्न मागे पडला. टाकली कुणी, एवढाच उरला.

आपल्याकडे तर कायद्यातच गंमत आहे. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत म्हटलं होतं की पुनर्वापर न होणारं असं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करा. ही मुदत संपता संपता, २०१८ मध्ये, शब्द बदलले: ज्यापासून ऊर्जा मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, ते बंद करा. जाळलं की ऊर्जा मिळतेच. सुटले सगळे. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि बाबांच्या दुकानातल्या कॅरीबॅगा गेल्या. लडी तशाच लटकत राहिल्या, कारण कारखान्यातूनच पॅक होऊन येणाऱ्या मालाला सूट होती.

इथवर माझा राग सोपा होता. मी बाबांना म्हटलं, पूर्वीसारखे फुटाणे-मुरमुरे सुटे विका, पळसाच्या पानांच्या द्रोणात.

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुया आजा फुटाणे सगळ्याइले सारखे नाई देत होता.”

काही गिऱ्हाइकांना आजोबा तागडीत तोलून, कागदात बांधून द्यायचे. काहींना पायरीखाली उभं करून पदरात वरून टाकायचे. हात लागू नये म्हणून. सांडलेले दाणे त्यांची पोरं मातीतून वेचायची, आणि हे बाबांनी लहानपणी गल्ल्याशेजारी बसून पाहिलेलं. “पाकीट कोनाची जात नाई पुसत,” ते म्हणाले. “भाव बी छापून येते. आता सगळेच पोट्टे एकाच लडीतलं तोडून नेतात.”

मला उत्तर सुचलं नाही. खैरलांजी आमच्याच जिल्ह्यातलं. २००६ साली मी शाळेत होतो. तरी पळसाच्या द्रोणाच्या आठवणीने गहिवरताना, तो द्रोण कुणाच्या हातात कसा पडायचा हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी याच्याशी झगडतोय. बाबांचं म्हणणं खरं आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. पाकीट घेताना सगळे सारखे असतात. रिकामं झाल्यावर ते पुन्हा ठरलेल्या हातांकडेच जातं. शहरात सफाई कामगाराकडे, आमच्या गावात तलावात उतरणाऱ्या त्या काकूंकडे. आजोबा ज्याच्या पदरात टाकायचे, तो निदान त्यांना समोर दिसत होता.

बंद पुड्यातला, छापील भावाचा माल मलाही हवाय. पण बंद पुडा म्हणजे हाच चकाकता कागद, हे ठरवलं कुणी? सोड्याच्या काचेच्या बाटल्या परत जायच्याच की. चार महिने टिकणं ही खाणाऱ्या पोराची गरज नाहीच, ती लांबून माल पाठवणाऱ्याची आहे. धानाच्या जिल्ह्यात मुरमुरे चार महिने टिकवायचे कशाला?

संक्रांतीनंतर बाबांनीच दुकानात एक रिकामं पोतं ठेवलं. मला न विचारता. दहा रिकामी पाकिटं आणली की मुरमुऱ्यांचा एक लाडू, आईच्या हातून पोराच्या हातात. होळीपर्यंत तीन पोती भरली. भंगारवाल्याने बघूनच मान हलवली. मग मी एका पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने आदबीने विचारलं, “सर, मालात काही दोष आहे का?”

“नाही. माल संपला. पाकिटं परत न्यायची आहेत.”

तिने बॅच नंबर विचारला. मी म्हटलं, तीन पोती आहेत. दोन दिवसांनी मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

पोती सध्या आतल्या खोलीत, धानाच्या पोत्यांशेजारी आहेत. झाडताना आई त्यांना इकडून तिकडे सरकवते. “उंदीर बी नाई लागत याइले,” असं म्हणते आणि पुढे झाडत राहते.