श्रीमुखापासूनचे अंतर : महानुभाव पंथातील प्रमाणविचार

महानुभाव पंथात ‘श्रुती’ म्हणजे वेद नव्हेत. श्रुती म्हणजे श्रीचक्रधरस्वामींच्या मुखातून निघालेली वचने. ‘स्मृती’ म्हणजे मनुस्मृती किंवा याज्ञवल्क्यस्मृती नव्हे, तर पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांचे बोलणे. त्यांच्या पिढीतील इतर ज्येष्ठ शिष्यांचे आचार-विचार ‘वृद्धाचार’ ठरतात. पुढे पंथात रुळलेली वहिवाट ती ‘मार्गरूढी’ आणि त्या त्या काळचे चालू आचरण ते ‘वर्तमान’. या पाच पायऱ्यांत वरची पायरी खालचीपेक्षा बलवत्तर. स्मृतीचा श्रुतीशी विरोध आला तर श्रुती खरी. रूढीचा वृद्धाचाराशी विरोध आला तर वृद्धाचार खरा. वैदिक परंपरेचे शब्द घेऊन त्यांतला आशय असा पुरता बदललेला आहे. पंथाचे अधिकृत मत कोणते, हे एखाद्या वचनाचे श्रीमुखापासून अंतर किती, यावर ठरते. हे अंतर मोजण्याची गरज का पडली आणि ते मोजण्याची साधने कशी बदलत गेली, हाच या प्रमाणविचाराचा इतिहास होय.

चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. मूळचे गुजरातचे, गुरू गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ वऱ्हाडातील रिद्धपूरचे, आणि उपदेशाचा मुख्य काळ पैठण व गोदाकाठच्या परिसरातला. तेराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात, यादवांच्या राज्यात, ते गावोगाव फिरत होते. ओट्यावर, मढात, झाडाखाली बसून मराठीत बोलत होते. ऐकणाऱ्यांत शास्त्री होते, तशाच विधवा बायाही होत्या. महदाइसेसारखी शिष्या प्रश्नावर प्रश्न विचारी आणि स्वामींच्या उत्तरांतून तत्त्वज्ञान उलगडत जाई. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांपासून भिन्न व नित्य आहेत. देवतांच्या भक्तीने मोक्ष मिळत नाही, तो परमेश्वरच देतो. आणि परमेश्वराचे पाच अवतार म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर, हा पंथाचा गाभा. खानदेशी वाचकाने येथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव योगी चांगदेवांच्या नावाने ओळखले जाते. पंचकृष्णांतले, म्हणजे या पाच अवतारांतले, चांगदेव राऊळ फलटणचे आणि द्वारकेत राहिलेले. दोघांचा संबंध नावापुरताच.

१२७२-७४च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे गेले, असे पंथ मानतो. त्यांच्या जाण्याला पंथ मृत्यू म्हणत नाही. पण बोलणारे मुख दृष्टीआड झाले, आणि प्रमाणाचा प्रश्न तेथून उभा राहिला. शिष्य रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निधानात जमले. गोविंदप्रभू हे स्वतः परमेश्वरावतार. परंतु त्यांचे वागणे लहान मुलासारखे, अनेकदा वेड्यासारखे. त्यांच्या लीळा पुढे शिष्य म्हाइंभटांनी भक्तिभावाने लिहिल्या, तरी आचाराचा नियम म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. नियम चक्रधरांच्या उक्तीतच शोधायचा होता. त्यामुळे एकाच परंपरेत दोन गोष्टी वेगळ्या पडल्या : देवाने केलेले स्मरावे आणि देवाने सांगितलेले पाळावे.

हे सांगणे गोळा करण्याचे काम म्हाइंभटांनी केले. नागदेवाचार्य एकांतात स्वामींच्या लीळांचे मनन करीत. त्यांच्याशी बोलून हे सारे लिहून ठेवले पाहिजे, असे म्हाइंभटांनी ठरवले आणि १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ आकाराला आले. ज्या शिष्यासमोर जी घटना घडली, त्याला गाठून ती विचारायची आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची, अशी पद्धत होती. एकाच प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी निघाली, तर एक आठवण खोडून दुसरी ठेवण्याऐवजी दोन्ही नोंदल्या गेल्या. पोथ्यांत असे पर्याय ‘वासना’ आणि ‘शोध’ या शब्दांनी दाखवलेले आढळतात. मूळ लीळा चालू असताना मध्येच ‘वासना’ येते, अमुक शिष्याच्या मते शब्द वेगळे होते एवढे सांगते, आणि कथा पुढे सरकते. श्रद्धाग्रंथातच साक्षीपुराव्याची अशी सोय असणे, हे या वाङ्मयाचे खास लक्षण आहे.

पुढची पायरी केशिराजव्यासांची, म्हणजे केसोबासांची. त्यांनी लीळांच्या कथेतून स्वामींची वचने तेवढी वेगळी काढली. त्यांतून ‘सूत्रपाठ’ सिद्ध झाला. अन्यव्यावृत्ती, युगधर्म, विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, असतिपरी, महावाक्य आणि निर्वचन ही त्याची नऊ प्रकरणे. त्यांना जोडून आचार, आचारमालिका, विचार व विचारमालिका. स्वामींनी सांगितलेले दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त आले. आता पंथाकडे पाठ करता येईल असा शास्त्रग्रंथ होता. मात्र वचन कथेतून सुटे झाले की ते कोणाला, कोणत्या वेळी, कशाच्या उत्तरादाखल सांगितले, हे मागे राहते. एका शिष्याला त्याच्या प्रकृतीप्रमाणे दिलेली आज्ञा सर्वांसाठी नियम ठरू शकते. हा धोका ओळखूनच ‘प्रकरणवश’ हा ग्रंथप्रकार निर्माण झाला. प्रत्येक सूत्राचा मूळ प्रसंग सांगणे, एवढेच त्याचे काम. सूत्राचा अर्थ प्रकरणाला धरून लावायचा, ही शिस्त पंथाने स्वतःवर घालून घेतली.

भाषेचा प्रश्नही प्रमाणाचाच होता. केसोबास संस्कृतचे पंडित. त्यांचे ‘रत्नमालास्तोत्र’ संस्कृतात आहे. ‘स्मृतिस्थळ’ या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथातील प्रसंगांनुसार नागदेवाचार्यांनी केसोबासांना शास्त्र संस्कृतात नेण्यापासून रोखले. स्वामींनी मराठीत सांगितले, तेव्हा विचारायचे ते मराठीतच, आणि संस्कृत झाले तर भोळ्याभाबड्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, असा त्यांचा भाव होता. त्यात करुणा आहे, तसाच काटेकोरपणाही. भाषांतर म्हणजे श्रीमुखापासून एक पाऊल दूर जाणे. संस्कृतात गेलेले वचन नागदेवांच्या दृष्टीने श्रुती उरले नसते.

काव्याचा दर्जाही याच मापाने ठरला. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’, दामोदर पंडिताचे ‘वच्छाहरण’, भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपाळवध’ व ‘उद्धवगीता’ यांसह सात काव्ये ‘साती ग्रंथ’ म्हणून पंथात मानाची आहेत. पण त्यांतली ओवी सूत्रासारखी आधाराला घेता येत नाही. ‘शिशुपाळवध’ वाचून बाइदेवबासांनी काव्य उत्तम झाले, परंतु निवृत्तांच्या उपयोगाचे नाही, असा अभिप्राय दिला. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली, अशी परंपरा सांगते. सुंदर असणे आणि प्रमाण असणे या दोन गोष्टी येथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत.

चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेच्या फौजा देवगिरीवर आल्या आणि यादवांचे राज्य बुडाले. त्या धामधुमीत मूळ पोथ्या नष्ट झाल्याचे पंथ सांगतो. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो स्मरणातून. हिराइसेसारख्या एकपाठी शिष्येच्या मुखोद्गत पाठाला तेव्हा पोथीची किंमत आली. पण स्मरण करणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. नागदेवांच्या पश्चात शिष्यपरंपरांच्या शाखा फुटत गेल्या. पंथ त्यांना आम्नाय म्हणतो. तेरा आम्नायांची गणना केली जाते. त्यांपैकी उपाध्ये व कवीश्वर हे पुढेही ठळक राहिले. सगळ्यांची श्रुती एकच; तिचे पाठ मात्र वेगवेगळे आणि अर्थ लावण्याची रीतही वेगवेगळी. सर्वांना बंधनकारक निर्णय देणारे एकच पीठ पंथात नव्हते. त्याची जागा टीकाग्रंथांनी घेतली. ‘स्थळ’, ‘बंद’, ‘भाष्य’ अशा नावांनी सूत्रावर स्पष्टीकरण आणि स्पष्टीकरणावर स्पष्टीकरण रचले गेले.

हे काम कसे चाले, ते एका आज्ञेवरून दिसते. शिष्यांनी महाराष्ट्रात राहावे, कानडी व तेलंगी मुलखात जाऊ नये, असे स्वामींनी सांगितले होते. आज्ञा छोटी आणि स्वच्छ. पण भिक्षा मागत फिरणाऱ्या संन्याशाला लगेच प्रश्न पडतो : महाराष्ट्र कोठे संपतो? आचारविषयक टीकाग्रंथांनी भाषेची कसोटी लावली आणि मराठी बोलली जाणाऱ्या मुलखाची खंडमंडळे मोजली. सीमेवरचा भाग आत धरायचा की बाहेर, याचा विचार केला. एका वाक्याच्या अर्थासाठी मराठी प्रदेशाचे जुने भौगोलिक वर्णन तयार झाले. पुढे महानुभाव साधू पंजाबात, पेशावर व काबूलपर्यंत पोहोचले आणि तेथे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सूत्रातील शब्द कोणी बदलला नाही. नवे वर्तन मात्र त्याच्याशेजारी वाढत राहिले. पाच पायऱ्यांच्या रचनेत खालच्या पायऱ्यांची गरज कशासाठी होती, ते येथे कळते.

श्रीमुख गेले तरी स्वामींचा स्पर्श झालेल्या जागा होत्या. ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ त्यांची नोंद करतो. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, ते स्थान देवळाच्या कोणत्या दिशेला, अशा खुणा त्यात दिल्या आहेत. लीळेत उल्लेख आणि स्थानपोथीत खूण, असा दुहेरी आधार असेल तर जागा वंदनीय ठरते. जळगाव जिल्ह्यात भडगाव तालुक्यातील कनाशी हे असे तीर्थस्थान आहे. दर्शनाला येणारा माणूस मूर्तीऐवजी चुना दिलेल्या ओट्यापुढे दंडवत घालतो आणि माथा त्या दगडाला टेकवतो. तो ओटा त्याच्या दृष्टीने प्रतीक नसतो. येथे स्वामी होते, एवढेच त्याचे म्हणणे, आणि ते पोथीतून तपासता येते.

चौदाव्या शतकापासून ग्रंथांवर दुसरे आवरण चढले. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत पोथ्या लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ लिपीचे श्रेय परंपरा रवळोबासांना देते. अक्षरांची अदलाबदल करून केलेल्या या लिपीमुळे बाहेरच्याला पोथी उघडूनही वाचता येत नसे. पाठ त्यामुळे जपला गेला, घुसडाघुसड कमी झाली. पण पंथाविषयी बाहेर गैरसमजही वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी या लिप्यांचा उलगडा केला. राजवाड्यांचा धुळ्याशी संबंध अखेरपर्यंत राहिला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव रामदासी वाङ्मयाच्या हस्तलिखितांसाठी झटत होते. डोमगावच्या प्रतीवरून त्यांनी १९०५मध्ये ‘दासबोध’ छापला. ही प्रत समर्थशिष्य कल्याणांच्या हातची मानली जाते. पंथ वेगळे, पण मूळ वक्त्याच्या जास्तीत जास्त जवळचा पाठ कोणता, हा प्रश्न तोच.

छपाईने त्या प्रश्नाला नवा अधिकारी दिला : संपादक. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’च्या आवृत्त्या काढल्या. मलकापूर तालुक्यातील नरवेलचे कोलते यांची आवृत्ती १९७८मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. तिच्यातील काही लीळांच्या मजकुराला पंथातून तीव्र आक्षेप घेण्यात आला. संशोधकाला जुन्या पोथीत सापडलेला पाठ हा पुरावा असतो. अनुयायाला आपल्या आम्नायात परंपरेने आलेला पाठ हे प्रमाण असते. दोघांनाही श्रीमुखाजवळ जायचे असते, पण वाट वेगळी. ‘वासना’ नोंदवणाऱ्या जुन्या लेखकांनी दोन्ही वाटा एकाच पानावर ठेवल्या होत्या. छापील पुस्तकात मात्र एक पाठ वर जातो आणि उरलेले तळटिपेत.

या रचनेचे वेगळेपण मॉर्मन पंथाशी तुलना केली की उठून दिसते. अमेरिकेत १८३०मध्ये जोसेफ स्मिथ यांनी स्थापलेल्या या पंथाची प्रमाणग्रंथांची यादी ठरलेली आहे : बायबल, मॉर्मनचा ग्रंथ आणि आणखी दोन. परंतु ती बंद नाही. पंथाचा अध्यक्ष हा जिवंत प्रेषित मानला जातो आणि नवा साक्षात्कार अनुयायांच्या संमतीने प्रमाणात जमा होऊ शकतो. १८९०मध्ये बहुपत्नीत्व थांबवण्याची घोषणा झाली. १९७८मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य खुले झाले. उलट दुसरे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी व्यासपीठावरून मांडलेले काही विचार पुढच्या अध्यक्षांनी स्पष्टपणे नाकारले. तेथे नंतरचा शब्द आधीच्या शब्दाला मागे सारू शकतो. महानुभाव पंथात हे संभवत नाही. श्रुती स्वामींच्या प्रयाणाबरोबर पूर्ण झाली. नंतरचा कोणीही महंत, कितीही थोर असला, तरी तो अर्थ सांगणारा असतो.

म्हणूनच आजही आश्रमातील निरूपणात महंत आधी सूत्र म्हणतात, मग त्याचे प्रकरण सांगतात आणि त्यानंतर स्वतःचे विवेचन करतात. क्रम उलटा झाला तर ऐकणारा जाणता वासनिक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, सूत्र कोणते, असे विचारू शकतो. शासनाने रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापल्याने या ग्रंथांना भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणूनही मान मिळाला आहे. पंथाच्या लेखी मात्र त्यांची प्रतवारी सातशे वर्षांपूर्वी होती तीच आहे : सर्वांत वर स्वामींचे वचन, त्याखाली नागदेवांचे, त्याखाली वृद्धांचे, मग रूढी, आणि शेवटी वर्तमान.