पाहणाऱ्याचे ऋण

दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकेल असा खेळ पैसे मोजून पाहावा की पाहू नये, हा प्रश्न जवळजवळ ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. रोमन आखाडे ओस पडले म्हणून तो निकालात निघालेला नाही. ब्रिटन, पोलंड, डेन्मार्क, स्वीडन, ऑस्ट्रेलिया या देशांतील हजारो साधीसुधी कुटुंबे दरवर्षी जेवणाच्या टेबलाभोवती बसून तोच प्रश्न निराळ्या शब्दांत सोडवीत असतात. तिकिटे काढायची का, रजा मिळेल का, आजोबांना इतका प्रवास झेपेल का, मुक्कामाचा खर्च परवडेल का, अशी ती चर्चा असते. विषय असतो स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या धावपट्टीवर होणाऱ्या मोटारसायकलींच्या शर्यतीचा.

आपल्याकडे हा खेळ फारसा कोणाच्या पाहण्यात नाही, तेव्हा थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. लंबवर्तुळाकार धावपट्टीवर चार स्वार चार फेऱ्या मारतात. सारा खेळ एका मिनिटाच्या आसपास आटोपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य. अशा वीसएक शर्यती एका संध्याकाळी होतात. गाडीचे इंजिन ५०० सीसीचे, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक मुळीच नाही. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरू देतो, पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला धरतो आणि पोलादी तळ बसवलेला डावा पाय मातीवरून घासत नेत तोल सावरतो. ब्रेक नसणे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. परंतु जाणकार सांगतात की त्यामागे सावधगिरीच आहे. हातभर अंतरावरून मागे येणाऱ्याला एवढी तरी खात्री हवी की पुढचा एकाएकी थांबणार नाही. चौघांनी एकमेकांवर टाकलेला हा विश्वास आहे. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की ती सुटते आणि इंजिन बंद पडते.

१५ डिसेंबर १९२३ रोजी ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे झालेल्या शर्यतीपासून या खेळाची परंपरा सांगतात. लंडनजवळच्या हाय बीच येथे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी तो ब्रिटनमध्ये गाजला आणि १९३६ साली वेम्ब्ली येथे पहिली जागतिक अंतिम स्पर्धा लायोनेल व्हॅन प्राग या ऑस्ट्रेलियन स्वाराने जिंकली. १९८१ साली त्याच वेम्ब्लीवर नव्वद हजारांवर माणसे जमली होती. पुढे २००१ पासून २०२४ पर्यंत, महामारीची दोन वर्षे वगळता, वेल्समधील कार्डिफच्या भव्य स्टेडियममध्ये ब्रिटिश ग्रांप्री भरत असे. एरवी रग्बी खेळल्या जाणाऱ्या त्या मैदानावर तेवढ्यापुरती माती पसरायची आणि एका रात्रीनंतर ती उचलून न्यायची, असा तो सोहळा होता. पोलंडमध्ये तर या खेळाचे वेड फुटबॉलशी स्पर्धा करते. पोलिश लोकांची आपल्या जुन्या पिढीला थोडी ओळख आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्या लोकांच्या मायदेशी, लेश्नो, टोरून, झिएलोना गुरा अशा मध्यम आकाराच्या गावांत, रविवारी दुपारी अख्खी कुटुंबे आपल्या संघाचे रंगीत मफलर गळ्यात घालून धावपट्टीकडे निघतात.

आता दुसरी बाजू. इंग्लंडचा ली रिचर्डसन मे २०१२ मध्ये व्रोत्सवाफ येथे शर्यतीत पडला आणि त्याच दिवशी मरण पावला. त्याचे वय ३३ होते. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड ऑगस्ट २०१५ मध्ये झिएलोना गुरा येथे पडला. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तेविसाव्या वर्षी तो चाकांच्या खुर्चीला खिळला. मे २०१६ मध्ये क्रिस्तियान रेम्पावा हा अठरा वर्षांचा पोलिश मुलगा रिब्निक येथील अपघातानंतर काही दिवसांनी दगावला. त्याचे वडील आणि चुलतेही याच खेळातले. ही यादी येथे संपत नाही. पण यादी वाढवून प्रश्न सुटणार नाही.

संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात त्यांच्या अलिपियुस नावाच्या मित्राची हकिगत आहे. कार्थेजमध्ये असताना त्याला रथांच्या शर्यतींचे वेड होते. वर्गात शिकवताना ऑगस्टीन यांनी सहज मारलेला एक टोमणा त्याच्या जिव्हारी लागला आणि त्याने तो नाद सोडला. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी तो रोमला गेला. तेथे मित्रांनी त्याला ओढतच तलवारबाजांच्या झुंजी पाहायला नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण एक लढवय्या कोसळताच जमावाने केलेली गर्जना कानांवर आदळली, डोळे उघडले, आणि मग ते मिटेनात. ऑगस्टीन बारकाईने सांगतात की त्या क्षणी जमिनीवर पडलेल्या माणसापेक्षा पाहणाऱ्याची जखम खोल होती. हाच अलिपियुस नंतर तागास्तेचा बिशप झाला.

संत जॉन क्रिसोस्तोम यांचा अनुभवही बोलका आहे. इ. स. ३९९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये अतिवृष्टीने पिके बुडण्याची वेळ आली तेव्हा लोकांनी प्रार्थनेच्या मिरवणुका काढल्या. मग काही दिवसांतच, तोही शुक्रवारी, तीच माणसे रथांच्या शर्यतींना धावली. क्रिसोस्तोम यांनी त्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली. त्याच काळातील त्यांच्या एका प्रवचनात एका तरुणाचा उल्लेख येतो. दुसऱ्या दिवशी त्याचे लग्न होते, आणि तो शर्यतीच्या मैदानात रथांखाली चिरडला गेला. एवढे होऊनही त्या ख्रिस्ती राजधानीत रथांच्या शर्यती पुढे शतकानुशतके चालूच राहिल्या, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. धर्मोपदेशकांच्या रागाने मैदाने रिकामी होतात, असा इतिहासाचा दाखला नाही.

मग निर्णय काय द्यावा? सरसकट निषेध करणे सोपे आहे. पण ते न्यायाला धरून होणार नाही. तलवारबाजांच्या झुंजीत माणूस पडणे हाच खेळ होता. स्पीडवेत माणूस न पडता वळण घेणे हा खेळ आहे. दोहोंत धोका आहे खरा. परंतु एकात मरण हे साध्य आहे, दुसऱ्यात ते टाळण्याचे कौशल्य हे साध्य आहे. नीतिशास्त्राचा पहिला धडा हाच की कृतीचा हेतू आणि तिचा अनपेक्षित परिणाम यांची गल्लत करू नये. नाहीतर खोल समुद्रात मासेमारीला जाणारा आणि नारळाच्या झाडावर चढणारा हेही दोषी ठरतील. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात, वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर, समुद्रात वा आकाशात स्वतःचे आणि इतरांचे प्राण धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे. ते शब्द रात्री महामार्गावर मोटारसायकली पिटाळणाऱ्या आपल्या तरुणांना जसेच्या तसे लागू पडतात, कारण समोरून येणाऱ्या बापड्याने त्या धोक्याला संमती दिलेली नसते. बंद धावपट्टीवरच्या चौघांनी ती दिलेली असते.

संमती! हा शब्द मात्र आपण फार घाईने उच्चारतो. ज्या घरात वडील, काका सगळेच स्वार, त्या घरातला सोळा वर्षांचा मुलगा ‘मी माझ्या मर्जीने गाडीवर बसतो’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तरीही त्या मर्जीत घराण्याचा अभिमान, गावाची अपेक्षा आणि प्रेक्षकांच्या टाळ्या किती मिसळल्या आहेत, हे त्यालाही सांगता येणार नाही. ज्याच्या उदरनिर्वाहाचे साधनच हे आहे, त्याला दुखऱ्या खांद्याने ‘आज नको’ म्हणणे किती कठीण जात असेल! येथे तिकीट काढणारा माणूस चित्रात येतो. संत थॉमस अक्विनास यांनी खेळ व विनोद यांना मानवी जीवनात मानाचे स्थान दिले आहे. ताणलेल्या मनाला विसावा हवा, हे त्यांना पुरते ठाऊक होते. परंतु त्याच विवेचनात ते असेही बजावतात की अनुचित करमणूक करणाऱ्यांना जो पैसे देऊन पोसतो, तोही त्यांच्या दोषाचा वाटेकरी होतो. स्पीडवे ही अनुचित करमणूक नाही असे धरले, तरी पोसणाऱ्याचा वाटा उरतोच. दोषाचा वाटा नसेल तर कर्जाचा असेल.

प्रेक्षक कशासाठी येतो, याची एक खूण स्पीडवेच्या मैदानावरच दिसते. स्वार पडला की सारे स्टेडियम क्षणात शांत होते. धावपट्टीवर रुग्णवाहिका येते, लोक उभे राहतात, आणि पडलेला उठून चालू लागला की दोन्ही संघांचे पाठीराखे टाळ्या वाजवतात. अलिपियुसचे डोळे उघडले ते गर्जनेने. येथे माणूस कोसळल्यावर गर्जना थांबते. या शांततेला मी फार महत्त्व देतो. उलट, केवळ पडण्याची दृश्ये एकापुढे एक जोडून तयार केलेल्या चित्रफिती घरबसल्या पुनःपुन्हा पाहणारा माणूस तिकीट काढीत नाही, प्रवास करीत नाही, कोणाच्या नजरेस पडत नाही. पण अलिपियुसचा खरा भाऊबंद तोच. मैदानात जाण्याने सगळेच बिघडते आणि घरी राहण्याने सगळेच सुधारते, असे मुळीच नाही.

आता पुन्हा त्या जेवणाच्या टेबलाकडे वळू. कार्डिफला जावे की न जावे, हा वाद ब्रिटनमधील स्पीडवेप्रेमींत वर्षानुवर्षे चाले, आणि त्यात खर्चाच्या हिशेबाखाली एक नैतिक खंत दडलेली असे. एका बाजूला तो सोहळा: चाळीस हजारांच्या आसपास माणसे, तीन पिढ्या एकत्र, वर्षातून एकदा भेटणारे जुने स्नेही. दुसऱ्या बाजूला गावोगावची छोटी मैदाने एकेक करून बंद पडत होती. कॉव्हेंट्रीच्या ब्रँडन मैदानावरचा संघ २०१६ नंतर तेथे उतरला नाही, स्विंडनमध्ये २०१९ नंतर शर्यत झाली नाही, वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो येथील धावपट्ट्या २०२३ नंतर शांत झाल्या. त्यामागे जमिनीचे भाव आणि मालकांचे बेत अशी कारणे होती. एका रात्रीच्या सोहळ्याला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. तरीही वर्षभर गावच्या मैदानाकडे न फिरकता एकाच रात्री पाहुण्यासारखे यावे का, ही बोच अनेकांच्या मनात असे.

मला ती बोच योग्य वाटते. छोट्या मैदानावर स्वार हा माणूस असतो. शर्यतीनंतर तो मातीने माखलेल्या कपड्यांत आपली गाडी स्वतः धुताना दिसतो, लहान मुलांना सही देतो. त्याचा हात मोडला तर पुढच्या आठवड्यात त्याची जागा रिकामी दिसते आणि लोक त्याच्याबद्दल विचारतात. ब्रिटनमध्ये जखमी स्वारांच्या साहाय्यासाठी एक निधी आहे, आणि त्यासाठी मैदानावर बादल्या फिरवून पैसे गोळा केले जातात. चिल्लर नाणी पडल्याचा तो आवाज मला या खेळातला सर्वांत ख्रिस्ती आवाज वाटतो. अवाढव्य स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून मात्र स्वार म्हणजे रंगीत शिरस्त्राणाचा एक ठिपका: लाल, निळा, पांढरा किंवा पिवळा. ठिपक्याबद्दल कळवळा वाटायला फार सायास पडतात.

पोलंडमधील टोरून हे कोपर्निकसचे जन्मगाव. तेथे २००९ साली स्पीडवेसाठी नवे स्टेडियम उभारले गेले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला पेर योन्सन याचे नाव आहे. हा स्वीडनचा स्वार १९९० चा जगज्जेता. तो टोरूनकडून खेळत असे, आणि १९९४ साली पोलिश साखळीतील एका सामन्यात पडून तो कायमचा अपंग झाला. परक्या देशातला माणूस, तो पडला त्याला पंधरा वर्षे लोटलेली. तरीही त्या शहराने आपल्या मैदानाच्या पत्त्यातच त्याचे नाव कायम केले. शर्यतीला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या नावावरून जावे लागते. स्टेडियमला एखाद्या कंपनीचे नाव देऊन पैसे मिळवण्याच्या या दिवसांत ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

तेव्हा जावे की न जावे, असे कोणी विचारलेच तर माझे उत्तर ‘जावे’ असेच राहील. मात्र त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. आपण ज्यांना पाहायला चाललो आहोत त्यांतल्या निदान एकाचे नाव, गाव आणि मागच्या वर्षीची दुखापत घरातल्या मुलांना ठाऊक असावी. मुलांनी ‘तो पडला तर?’ असे विचारले तर विषय टाळू नये. आणि मनातल्या मनात आपण पडण्याचीच वाट पाहत आहोत असे ज्याला जाणवेल, त्याने ते तिकीट दुसऱ्याला देऊन टाकावे.

२०२५ साली ब्रिटिश ग्रांप्री कार्डिफ सोडून मँचेस्टरला, बेल व्ह्यू संघाच्या मैदानावर गेली. तेथे सुमारे सहा हजारच माणसे मावतात. पुष्कळांना तो सोहळ्याचा ऱ्हास वाटला, आणि त्यांचे दुःख समजण्याजोगे आहे. पण ते मैदान मुळात स्पीडवेसाठीच बांधलेले आहे. माती तेथे बारा महिने असते, धावपट्टी प्रेक्षकांच्या पुढ्यात येते आणि शेवटच्या रांगेतूनही स्वाराचा चेहरा ओळखता येतो. ज्यांना त्या दोन रात्रींची तिकिटे मिळाली नाहीत, त्यांना तोच बेल व्ह्यूचा संघ आठवड्यातल्या नेहमीच्या सामन्यात त्याच धावपट्टीवर उतरताना पाहता येतो. त्या दिवशी गर्दी थोडी असते, तिकीट स्वस्त असते, आणि बादली तेथेही फिरते.