दवाखान्यातील पिस्तूल

डॉक्टरांना मारहाण झाल्याची बातमी आली, की चार-आठ दिवसांत कुठून तरी एक सूचना पुढे येते. डॉक्टरांना शस्त्र परवाने द्यावेत, अ‍ॅप्रनखाली पिस्तूल ठेवून काम करण्याची मुभा द्यावी. ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतके मारले, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. वास्तविक 2010 चा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि गुन्हा अजामीनपात्र. मार पडत असताना कायद्याचा कागद ढाल होत नाही, हेच खरे.

पण धुळ्यात वाद पेटला कशावरून? रुग्णाच्या डोक्याला मार लागला होता आणि तिथे न्यूरोसर्जन उपलब्ध नव्हता. 'पुढे न्या' एवढेच सांगणे त्या तरुण डॉक्टरच्या हाती होते. आमच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावाला हे 'पुढे न्या' चांगले ओळखीचे आहे. पुढे म्हणजे लातूर, नाही तर अंबाजोगाई. समजा, त्या डॉक्टरच्या कमरेला पिस्तूल असते, तर नसलेला सर्जन त्यातून मिळाला असता काय? दहा-बारा जण अंगावर आले, दोन्ही हात बँडेजमध्ये गुंतलेले, बाजूला पडद्याआड दुसरा रुग्ण. अशा झटापटीत ते पिस्तूल कोणाच्या हाती गेले असते, हे कोणी सांगावे?

शिवाय ही मुभा डॉक्टरपुरती थोडीच राहणार आहे? परवाना तर नातेवाइकाकडेही असतो. मांजरा ओलांडली, की बीड जिल्हा. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हा त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले आणि पुढे शंभराहून अधिक रद्द करावे लागले. परवाना जिवाच्या भीतीने मागायचा आणि पिस्तूल लग्नाच्या वरातीत मिरवायचे, ही आपल्याकडची रीत. असा माणूस बाप गेल्याचे ऐकून अपघात विभागात उभा आहे, एवढेच डोळ्यांसमोर आणावे.

ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीतल्या एका छोट्या दवाखान्यात दोन तरुण पायाच्या बोटाचे ड्रेसिंग करून घ्यायला आले. ड्रेसिंग झाले. मग डॉक्टरांना भेटायचे म्हणून ते केबिनमध्ये गेले आणि त्यांनी डॉक्टरांवर गोळी झाडली. यापासून वाचायचे, तर डॉक्टरने प्रत्येक जखमेकडे संशयाने पाहायला हवे. उर्दूत रुग्णालयाला शफाखाना म्हणतात. संशय घेऊन बसलेला माणूस शफा कशी देणार?

या मताला सर्वांत जड जाणारा दाखला कामा रुग्णालयाचा आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दोन अतिरेकी तिथे शिरले, दोन पहारेकरी मारले गेले. त्या पहारेकऱ्यांकडे बंदूक असती तर, हा प्रश्न टाळता येत नाही. वर सदानंद दाते आणि त्यांचे सहकारी जखमी होऊनही लढत राहिले, ते शस्त्रांच्या बळावरच. मात्र ती शस्त्रे पोलिसांची होती. आणि खाली प्रसूती कक्षात अंजली कुलथे या परिचारिकेने दारे बंद केली, दिवे मालवले आणि वीस गरोदर बायांना आत सुरक्षित नेले. तिच्या हातात पिस्तूल असते, तर त्या बायांना आत कोणी नेले असते?

2017 च्या त्या रजेनंतर शासनाने राज्य सुरक्षा महामंडळाचे 1,100 जवान देण्याचे कबूल केले, ते मोठ्या शासकीय रुग्णालयांसाठी. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री एक डॉक्टर आणि एक-दोन सिस्टर असतात. त्यांच्या दाराशी कोणी उभे राहायचे?