सोसणे म्हणजे भक्ती नव्हे

पतीचा मार खाऊनही स्त्रीने निमूटपणे नांदावे, यालाच पुष्कळ घरांत धर्म समजतात. ‘शरण सती, लिंग पती’ या भावाचा आधारही त्यास दिला जातो. हा अर्थाचा विपर्यास होय. त्या भावात पुरुष भक्तही सतीच आहे. पती एक लिंगदेवच.

हरिहराच्या रगळेनुसार अक्कमहादेवींनी कौशिक राजास अटी घातल्या आणि त्या मोडताच राजवाडा सोडला. कल्याणच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी त्यांची कसोटी पाहिली, परंतु त्यांना परत धाडले नाही. शरणांनी त्यांना ‘अक्का’ मानले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कर्नाटकातील सुमारे ४४ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. अंगावरचा वळ विरतो, मनावरचा राहतो. पावलांच्या आवाजाने छाती धडधडते, झोप उडते, पूजेत चित्त लागत नाही. ‘माझेच चुकले असेल’ हा विचार मन पोखरतो. ही भक्तीतील उणीव नव्हे, आघाताचा परिणाम आहे. त्यावर उपचार आहेत. धारवाडची डिमहान्स संस्था आपल्या जवळच आहे. २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे; १८१ या क्रमांकावर साहाय्य मिळते.

शरणबंधूंनो, माहेरी आलेल्या लेकीला ‘सोस’ म्हणू नका. ‘तुझा दोष नाही’ म्हणा आणि तिच्या निर्णयामागे उभे राहा. जिच्या देहावर इष्टलिंग आहे, तिच्यावर हात उगारणाऱ्याने त्याच हातावर लिंग घेऊन कोणती पूजा करावी?