गाव निवडायचं कुणी?

अमेरिकेत रेसिडेन्सी संपत आलेल्या भारतीय डॉक्टरच्या घरी शेवटच्या वर्षी एकच विषय असतो: वेव्हर. जे-वन व्हिसावर शिकायला आलेल्या डॉक्टरने शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी परतावं, असा नियम आहे. ही अट माफ करून घ्यायची, म्हणजे वेव्हर मिळवायचा, तर डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी करावी लागते. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने १९९४मध्ये ही सवलत आली. आधी प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा मिळत, २००२पासून ३० मिळतात, म्हणून तिला कॉनरॅड थर्टी म्हणतात. पुण्या-नागपुरात शिकलेली आपली मुलं-मुली कॅन्ससच्या गव्हाच्या पट्ट्यात किंवा केंटकीच्या कोळशाच्या डोंगराळ भागात पोचतात, ती बरेचदा याच वाटेने.

जावं की नाही, याचा हिशेब घरोघरी सारखाच असतो. पगार चांगला, घर स्वस्त, आणि प्रश्न तीनच वर्षांचा. हिशेब मांडणारा डॉक्टर असतो, आणि त्याच्यापुरता तो बहुधा बरोबरही असतो. माझं म्हणणं असं आहे की हा निर्णय डॉक्टरने घेऊच नये. तो त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराने घ्यावा.

डॉक्टरला गाव आयतं मिळतं. अशा भागातली बरीच हॉस्पिटलं सरकारी भाषेत ‘क्रिटिकल ॲक्सेस’ असतात: जास्तीत जास्त २५ खाटा, रुग्णाचा सरासरी मुक्काम ९६ तासांच्या आत, आणि दुसरं हॉस्पिटल सहसा ३५ मैलांच्या पलीकडे. २०१०पासून अमेरिकेत शंभराहून अधिक ग्रामीण हॉस्पिटलं बंद झाली किंवा त्यांनी रुग्णांना दाखल करून घेणं थांबवलं. जी टिकली, त्यांतल्या अनेकांनी बाळंतपणं बंद केली. तिथे नवा डॉक्टर येणं ही गावाच्या जीवनमरणाची गोष्ट असते. पहिल्या दिवसापासून त्याला काम असतं, मान असतो, लोक नावाने ओळखतात.

जोडीदाराचं काय होतं? जे-वनवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या जे-टू व्हिसावर परवाना काढून नोकरी करता येते. वेव्हर मिळाल्यावर डॉक्टर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर जातो आणि जोडीदार त्याला जोडलेल्या एच-फोरवर. तिथे नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही. २०१५च्या नियमाप्रमाणे परवान्यासाठी सहसा डॉक्टरचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज आधी मंजूर व्हावा लागतो. म्हणजे डॉक्टरची कारकीर्द सुरू होते त्याच महिन्यात घरातल्या दुसऱ्या माणसाची थांबू शकते, तीही अशा गावात, जिथे परवाना असला तरी त्या माणसाच्या कामाची नोकरी मिळेलच असं नाही.

मिनेसोटाच्या पश्चिमेकडच्या अशा एका गावात, नात्यातल्या एका घरी, मी ऐन थंडीत राहिले आहे. पारा उणे तिसाच्या आसपास. रात्री गाडी उभी केली की बॉनेटमधून लोंबणारी वायर प्लगमध्ये लावायची, इंजिन गरम राहिलं तरच सकाळी गाडी सुरू होते. तूरडाळ आणि कढीपत्ता महिन्यातून एकदा फार्गोहून यायचा. शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात रुबार्ब पाय हा गोड पदार्थ आणून दिला होता, आणि सोबत बर्फ उपसणाऱ्या माणसाचा फोन नंबर. माणसं प्रेमळ होती, यात शंका नाही. पण त्या घरातली डॉक्टरची बायको दुकानात गेली की कॅशियर विचारायची, ‘तुम्ही नव्या डॉक्टरांच्या मिसेस ना?’ हिने सात वर्षं प्रयोगशाळेत संशोधन केलेलं. त्या गावात ते सांगायला तिला कुणी भेटत नव्हतं. दिवस गेल्यावर तपासण्यांसाठी साठ मैल जावं लागायचं, कारण ज्या हॉस्पिटलात नवरा काम करत होता तिथे बाळंतपण होत नव्हतं. भारतातून सासू-सासरे आले, पण फुटपाथ नाही, बस नाही, गाडी चालवता येत नाही. दोघं दिवसभर घरात. त्यांचा दिवस भरून काढायची जबाबदारी पुन्हा तिचीच.

यावर उत्तर ठरलेलं असतं: तीनच तर वर्षं. हे उत्तर खरं नाही. तुटवड्याच्या भागातल्या सेवेच्या आधारे डॉक्टरांना ग्रीन कार्डासाठी जी खास सवलत मिळते, तिला एकूण पाच वर्षांची सेवा लागते. आणि रोजगाराच्या ग्रीन कार्डांवर दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांची आहे. त्या काळात मुलं शाळेत रुळतात, बेसबॉल खेळू लागतात, आणि २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसावर त्यांना राहता येत नाही. शिवाय नियम मध्येच बदलतात. सप्टेंबर २०२५मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा किती घरांत झोप उडाली ते मी पाहिलं आहे. म्हणून तीन वर्षांचं गाव निवडताना पंधरा वर्षांचं निवडतो आहोत, असं धरूनच चालावं.

गावाचीही बाजू आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. अब्राहम वर्गीस १९८५मध्ये टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत गेले, तिथल्या एड्सच्या रुग्णांचे डॉक्टर झाले आणि त्या अनुभवावर त्यांनी ‘माय ओन कंट्री’ लिहिलं. पुस्तकाच्या नावातच त्यांनी त्या मुलखाला आपलं म्हटलं आहे. आपलेपणाने राहिलेले डॉक्टर अशा भागांत पुष्कळ आहेत. पण करार संपताच निघून जाणाऱ्या डॉक्टरचीही गावाला सवय झालेली असते. मधुमेहाचा म्हातारा रुग्ण दर तीन वर्षांनी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगत बसतो. माझ्या पाहण्यात राहिलेले आणि गेलेले यांच्यातला फरक डॉक्टरांच्या सेवाभावात फारसा नव्हता, जोडीदाराला गावात जागा सापडली की नाही यात होता. कुणी कम्युनिटी कॉलेजात शिकवू लागली, कुणी शाळेच्या कामात रमला. ती घरं टिकली. तेव्हा निर्णय जोडीदाराकडे देणं हे गावाच्याही हिताचं आहे.

हे करायचं कसं? मुलाखतीला हॉस्पिटल दोघांना बोलावतं, छान जेवण देतं, घरं दाखवतं. तेवढ्यावर सही करू नये. फेब्रुवारीत जोडीदाराने तिथे एक आठवडा राहावं, आणि डॉक्टर सोबत नसावा. वाचनालयात बसावं, शाळेत जावं, चर्चबाहेर कुणाशी ओळख होते का बघावं, आधीच्या डॉक्टरच्या घरच्यांना फोन करून ते का गेले ते विचारावं. हॉस्पिटलची आर्थिक स्थिती आणि रात्रपाळीची वाटणी डॉक्टरने तपासावी. बाकी शब्द जोडीदाराचा.

आणि तो शब्द ‘नाही’ असेल, तर सही करू नका. दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या गावाचा शोध घ्या. तेही जमत नसेल तर दोन वर्षं परत या. कायद्याने तो रस्ता उघडा ठेवला आहे, आणि डॉक्टरांचा तुटवडा नंदुरबारला आणि गडचिरोलीलाही आहे.